वर्गातला वाचनकोपरा: जुनी चादर, तेलाचे डबे आणि एक उलटा फ्लेक्स

१४ ऑक्टोबरच्या संध्याकाळी बऱ्याच शाळांत एकच धावपळ असते. दुसऱ्या दिवशी डॉ. अब्दुल कलामांची जयंती, म्हणजे आपल्याकडचा वाचन प्रेरणा दिन. २०१५ पासून तो साजरा होतो. मग क्रेप पेपरच्या झालरी लागतात, थर्माकोलमधून ‘वाचन कोपरा’ ही अक्षरं कापली जातात, कपाटातली पुस्तकं बाहेर येऊन टेबलावर पंख्यासारखी मांडली जातात. फोटो निघतो, ग्रुपवर जातो. दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत झालरी गळालेल्या असतात आणि पुस्तकं पुन्हा कुलपात.

मी स्वतः असे दोन कोपरे केलेत, त्यामुळे नावं ठेवायचा हक्क मला आहे. तिसरा टिकला. तो कसा केला ते इथे लिहिते आहे. आमची शाळा सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, धो धो पावसाच्या पट्ट्यात. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, दोन खोल्या. कोपऱ्यासाठी वेगळे पैसे नव्हते, पण गावात घरोघरी माळ्यावर सामान भरपूर होतं. तुम्ही नव्यानं रुजू झाला असाल आणि हाताशी फक्त चार भिंती असतील, तर हे तुमच्यासाठी आहे.

आधी जागा, मग सामान

दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरुवात करा. जूनमध्ये अजिबात नको. माझा पहिला कोपरा मी जूनमध्ये केला होता, किराणा दुकानातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. खोक्यावर खोकं, त्याला रंगीत कागद, फारच देखणा. गोकुळाष्टमीला एक खोकं उचललं तर त्याचा तळ जमिनीलाच राहिला. वाळवीनं पुठ्ठा खाल्ला होता आणि तळाची सहा पुस्तकंही. आमच्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, पश्चिमेची भिंत चार महिने ओली असते, आणि मी नेमका तिलाच टेकून कोपरा मांडला होता.

म्हणून जागा ठरवण्याआधी भिंतीची परीक्षा घ्या. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, वाळवून, कापून सपाट करा आणि चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा. एक दिवस-रात्र जाऊ द्या. आतल्या बाजूला थेंब दिसले तर भिंत ओल धरते आहे. तशीच एक पिशवी फरशीवर लावा. जुन्या शाळांमध्ये ओल खालूनही चढते.

दुसरी परीक्षा उजेडाची. ती उभ्यानं घेऊ नका. खाली मांडी घालून बसा, हातात बारीक अक्षराचं पुस्तक धरा, सकाळी अकराला एकदा आणि दुपारी चारला एकदा. आपल्या उंचीवरून लख्ख दिसणारी जागा मुलांच्या उंचीवर अंधारी असू शकते, कारण खिडकीचा कठडा मध्ये येतो. उजेड बाजूनं किंवा पाठीमागून यावा, पण ऊन थेट पुस्तकांवर पडू नये. मुखपृष्ठं पिवळी पडतात आणि डिंक सुटतो.

दारातली जागा टाळा, फळ्याजवळची तर नकोच. आम्ही वर्गाच्या मागच्या बाजूची, पूर्वेच्या खिडकीखालची जागा घेतली. साधारण सहा फूट बाय पाच फूट. एवढ्यात सहा मुलं ऐसपैस बसतात, आठ मुलं एकमेकांना ढोसत बसतात. याहून मोठा कोपरा करू नका. अडचणीच्या जागेत शिरून बसण्याची मजा मोठ्या जागेत नसते. विश्वास बसत नसेल तर टेबलाखाली बसलेलं पोर आठवा.

काय मागायचं

पालकसभेत ‘शाळेला मदत करा’ असं म्हटलं की सगळे मान डोलावतात आणि काहीच येत नाही. नेमकं मागावं लागतं. आम्ही फळ्यावर लिहिलं होतं: विरलेली पण न फाटलेली सुती साडी, सोलापुरी चादर (मध्ये फाटलेली चालेल), जीन्सची जुनी पँट, टीशर्ट, तेलाचा १५ लिटरचा चौकोनी पत्र्याचा डबा, सायकलची पंक्चर ट्यूब, एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या (सगळ्या एकाच आकाराच्या), सुतळी, बांबूच्या काठ्या. आणि सगळ्यात शेवटी, जुना फ्लेक्स.

फ्लेक्सला सगळे हसले. पण गावात फ्लेक्सला तोटा नाही. वाढदिवस झाला, निवडणूक झाली, जत्रा झाली की तो गुंडाळून कुणाच्या तरी गोठ्यावर जातो. पाणी आरपार जात नाही, मागची बाजू पांढरी असते, आणि कोपऱ्याच्या बैठकीखाली घालायला याच्याइतकी फुकट आणि पक्की वस्तू दुसरी नाही. आमच्या कोपऱ्याखाली एका भाऊंचा वाढदिवस उलटा पसरलेला आहे. मुलांना ते माहीत आहे. कधी वाकळीचं टोक उचलून ती भाऊंना भेटून येतात.

एक सावधगिरी. पोषण आहाराच्या तांदळाची रिकामी पोती समोर दिसतात म्हणून परस्पर उचलू नका. त्या बारदानाचाही हिशेब द्यावा लागतो. मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय हात लावू नका, नाहीतर चांगलं काम करताना भलतंच स्पष्टीकरण लिहीत बसाल.

आता काय घेऊ नये ते. इथे भिडेला बळी पडायचं नाही. फवारणीच्या औषधाचे डबे, बाटल्या, कॅन कितीही स्वच्छ धुतलेले असले तरी शाळेच्या दारातूनच परत पाठवा. शेतकरी घरातून ते हमखास येतात, आणि देणाऱ्याला वाटतं, “बाई, तीनदा धुतलाय की.” कीटकनाशक धुऊन पूर्ण जात नाही. तसंच जुन्या तेलरंगाचे पोपडे सुटलेलं लाकूड नको, कारण जुन्या रंगांत शिसं असतं आणि लहान मुलं ते पोपडे सोलत बसतात. सिमेंटच्या जुन्या पत्र्याचे तुकडे नकोत, त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. थर्माकोल नको, त्याचा भुगा होतो. टायर आकर्षक दिसतात, पण उन्हात वास मारतात आणि बाहेर राहिले तर त्यांत पाणी साचून डास होतात. मी ते टाळले. तुम्हाला वापरायचेच असतील तर तळाला भोकं पाडा.

आलेलं सगळं कापड गरम पाण्यात धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा. हे काम शाळेत होत नाही. ज्यानं दिलं त्याच्याच घरी परत पाठवून ‘धुऊन द्या’ म्हणायला लाजू नका.

बैठक

खाली फ्लेक्स, उलटा. त्याच्या कडा चारही बाजूंनी बोटभर आत दुमडा, म्हणजे पाय अडकणार नाही. त्यावर वाकळ. आमच्याकडे गोधडीला वाकळच म्हणतात. नव्या वाकळीची गरज नाही, वापरून मऊ झालेलीच बरी. पण एकच मोठी घालण्यापेक्षा दोन लहान घाला, एक धुवायला गेली की दुसरी असते.

वाकळ कुठून आणायची? गावात शिवणाऱ्या आज्या असतात. मी एका आजींकडे गेले आणि म्हणाले, “आजी, शाळंसाठी वाकळ शिवून द्याल का? साड्या मी आणते.” आजी म्हणाल्या, “साड्या नको, पोरं आण. सुईत दोरा ओवायला.” डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्यांनी चार वर्षांत वाकळ शिवली नव्हती. मग तीन शनिवार चौथीची मुलं त्यांच्या ओसरीवर बसून दोरा ओवून देत होती, आणि आजी धावदोरा घालता घालता गोष्टी सांगत होत्या. वाचनकोपरा खरं तर तिथेच सुरू झाला होता, मला उशिरा कळलं.

घरी करायची असेल तर साडीचे चार थर एकावर एक पसरा, मध्ये विरलेल्या धोतराचे किंवा चादरीचे तुकडे सारखे लावा, कडेनं लांब टाके घालून थर पक्के करा आणि मग कडेकडून मध्याकडे गोल फिरत धावदोरा घाला. टाक्यांच्या ओळींमध्ये दोन बोटांचं अंतर ठेवा. जास्त ठेवलं तर धुताना आतले तुकडे गोळा होतात.

पुस्तकांचे खिसे

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. लहान मुलं पुस्तक कण्यावरून निवडत नाहीत. पातळ चित्रपुस्तकाला कणा असतोच कुठे? ती चित्र बघून हात घालतात. म्हणजे मुखपृष्ठ समोर दिसलं पाहिजे, आणि त्यासाठी कपाटापेक्षा कापडी खिसे कधीही चांगले.

पाठीसाठी सोलापुरी चादर घ्या. चादर मध्येच विरते, कडा धडधाकट असतात. म्हणून ती मधोमध फाडा आणि दोन्ही चांगल्या कडा आतल्या बाजूला घेऊन जोडा. विरलेला भाग आता दोन्ही टोकांना आला, तो कापून टाका. आजीच्या काळची युक्ती आहे, शिंप्याला सांगितली तर तो ओळखीचं हसतो. आपल्याला तयार हवी ९० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर उंच पाठ. वर आणि खाली काठी जाईल एवढा नेफा ठेवा.

खिशांच्या पट्ट्या जीन्सच्या किंवा दुहेरी केलेल्या सुती साडीच्या. नायलॉनची साडी घेऊ नका, पुस्तक सरकतं आणि शिवणही उसवते. तीन पट्ट्या लागतील. प्रत्येकीची तयार उंची २० सेंटिमीटर, लांबी १०० सेंटिमीटर. पाठ ९० ची आणि पट्टी १०० ची, हा फरक मुद्दाम आहे. पट्टी ताणून शिवली तर खिसा सपाट बसतो आणि पुस्तक आत जातच नाही. माझी पहिली रांग अशीच वाया गेली. पट्टीचे तीन भाग करा, प्रत्येक खिसा ३० सेंटिमीटर रुंद, आणि जास्तीचं कापड प्रत्येक खिशाच्या तळाशी छोट्या चुणीत घ्या. दोन रांगांच्या तळांमध्ये ४० सेंटिमीटर अंतर ठेवा. मोठ्या आकाराचं पुस्तक २० सेंटिमीटर खिशात बुडतं, दहा सेंटिमीटर वर दिसतं, आणि वरच्या रांगेला टेकत नाही.

अशा नऊ खिशांत प्रत्येकी दोन-तीन पातळ पुस्तकं मावतात. याहून जास्त कोंबू नका. मागचं पुस्तक दिसत नसेल तर ते नसल्यासारखंच.

शिवण यंत्रावरच घाला, हातशिलाई टिकत नाही. आमच्या गावच्या बचत गटातल्या एका ताईंनी दीड तासात शिवून दिलं. खिशाच्या वरच्या टोकांना दोनदा टीप मारायला सांगा, मुलं तिथेच धरून ओढतात.

टांगायला भिंतीत खिळे ठोकू नका. जुन्या भिंतीत ते फिरतात, नव्या भिंतीत वाकतात. वरच्या नेफ्यातून बांबू घाला आणि सुतळीनं खिडकीच्या गजांना बांधा. खालच्या नेफ्यातही काठी घाला, म्हणजे वाऱ्यानं फडफडत नाही. वरच्या रांगेतल्या पुस्तकाचं टोक पहिलीतल्या सगळ्यात बुटक्या मुलाच्या हाताला लागलं पाहिजे. मोजपट्टीनं मोजू नका, त्या मुलालाच उभं करा आणि मग गाठ मारा. खिडकी बंद होते का तेही त्याच वेळी बघा. मी बघितलं नव्हतं.

तेलाचे डबे

खिशांत न मावणारी, जरा जाड पुस्तकं डब्यांत जातात. १५ लिटरचा डबा साधारण साडेतेवीस सेंटिमीटर चौरस आणि ३५ सेंटिमीटर उंच असतो. लोक त्याचं तोंड कापतात आणि आडवा ठेवून फडताळ करतात. मग मोठं पुस्तक उभं राहत नाही. तोंड कापू नका, एक उभी बाजू कापा. डबा आडवा ठेवला की वरून उघडी पेटी मिळते: ३५ सेंटिमीटर लांब, साडेतेवीस खोल. त्यात पुस्तकं तोंड पुढे करून एकामागे एक उभी राहतात, आणि मुलं उभ्या-उभ्या चाळतात. दुकानात कपडे चाळतात ना, तसं.

कापण्याआधी डबा धुवा. आतलं तेल गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्यानं सुटतं, राहिलेलं नारळाच्या शेंडीनं आणि राखेनं घासा. मग दोन दिवस उन्हात पालथा. तेलाचा वास राहिला तर उंदीर येणार.

कापायचं काम स्वतः करू नका, मुलांसमोर तर नाहीच. तालुक्याच्या बाजारात पत्र्याच्या कोठ्या, पेट्या करणारे असतात, त्यांच्याकडे न्या. त्यांना सांगा, अर्धा इंच पत्रा ठेवून काप आणि तो आत दुमडून ठोकून सपाट कर. एवढं झालं तरी मी कडेवर भरवसा ठेवत नाही. सायकलची ट्यूब लांबीनं चिरायची आणि सगळ्या कडेवर चढवायची. चार कोपऱ्यांना भोक पाडून बारीक तारेनं बांधायची, तारेचं टोक बाहेरच्या बाजूनं खाली वळवून दाबायचं. मग त्या कडेवरून आपलं बोट जोरात फिरवून बघा. आपलं बोट न चिरता फिरलं तरच डबा वर्गात येतो.

रंग बाहेरून गेरू आणि चुन्याचा दिला तर सुंदर दिसतो, पण पत्र्यावर धरत नाही, हाताला लागतो. आम्ही डब्यांना साडीचे काठ फेविकॉलनं चिकटवले. आपल्या आईच्या साडीचा काठ कोणत्या डब्यावर आहे ते प्रत्येक पोराला पाठ आहे.

डबे थेट जमिनीवर ठेवू नका. खाली दोन विटा ठेवा. ओल, वाळवी आणि झाडू तिन्हींपासून सुटका होते.

बाटल्यांचं स्टूल

याची मुलांना सर्वांत जास्त हौस असते आणि यालाच सर्वांत जास्त वेळ लागतो, हे आधीच सांगते. रिकाम्या बाटलीवर बसलं की ती चेपते. म्हणून तिच्यात बिस्किटांचे, कुरकुऱ्यांचे कोरडे, स्वच्छ कागद काठीनं ठासून भरायचे. लिटरची बाटली भरून निदान ३३० ग्रॅम भरली पाहिजे, त्यापेक्षा हलकी असेल तर अजून जागा आहे. दुकानाच्या तागडीवर तोलून आणायचं काम तिसरीला द्या. एका स्टुलाला सात बाटल्या लागतात आणि आमच्या पूर्ण शाळेला त्या भरायला चार महिने लागले. कागदात खाऊचा कण राहिला तर मुंग्या बाटलीपर्यंत रांग लावतात, म्हणून धुऊन, पुसून, वाळवून.

सातच का? एक बाटली मध्ये ठेवा आणि तिच्याभोवती तशाच बाटल्या लावत जा. बरोबर सहा बसतात, पाच लावल्या तर फट राहते, सातवी शिरत नाही. हे सांगू नका, मुलांनाच लावू द्या. पोरांनी रुपयाची नाणी आणि बांगड्या घेऊन तेच करून पाहिलं, तिथेही सहाच. मग एकीनं वर्गातली मुलं लावून बघितली, तिथे मात्र भांडण झालं.

बाटल्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधा. ट्यूब ताणून गुंडाळली की चिकटपट्टीपेक्षा घट्ट बसते आणि उन्हानं सुटत नाही. खाली-वर पुठ्ठ्याचे चार-चार थर, त्यावर जीन्सच्या पायाची खोळ. उंची साधारण २७ सेंटिमीटर येते, पहिली-दुसरीच्या मुलांचे पाय बरोबर जमिनीला टेकतात. दोनच स्टुलं करा. बाकीचे वाकळीवर लोळतात आणि तेच त्यांना आवडतं.

उशांबद्दल थोडक्यात. टीशर्टच्या बाह्या आणि गळा शिवून टाका, खालून कापडाचे बारीक तुकडे भरा, बंद करा. फोमचा चुरा भरू नका, तो शिवणीतून गळतो आणि मुलं तोंडात घालतात. उशी म्हटली की पालक उवांचा प्रश्न काढतात, आणि तो रास्त आहे. ऊ डोक्यापासून दूर एक-दोन दिवसांपलीकडे जगत नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटताना उशा उन्हात टाकायच्या आणि मग गाठोड्यात बांधून ठेवायच्या. सोमवारपर्यंत प्रश्न मिटलेला असतो.

पुस्तकं, आणि कुलूप

कोपरा तयार झाला की मुख्याध्यापक विचारतात: पुस्तकं हरवली, फाटली तर? ही भीती खोटी नाही. शाळेची पुस्तकं डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली असतात आणि जाब सरांनाच विचारला जातो. त्यावर वाद घालण्यापेक्षा मार्ग काढा. मी देणगीतून, घरातून आलेल्या पुस्तकांची एक साधी वेगळी वही केली. कोपऱ्यात सुरुवातीला फक्त तीच ठेवली. तीन महिन्यांत काय होतं ते सरांनी पाहिलं आणि मग कपाटातली पुस्तकं स्वतःच काढून दिली. तरीही कुणी अडलंच तर शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टाकडे नम्रपणे बोट दाखवा. प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात गोष्टीची पुस्तकंही हवीत, असं तिथे लिहिलेलं आहे.

पन्नास पुस्तकं पुरतात, निवडक असतील तर तीसही. घरोघरी ‘किशोर’चे जुने अंक सापडतात. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं, आणि जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर मोफतही ठेवले आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी आहेत, त्या उतरवून छापायला परवानगी लागत नाही. मात्र रद्दीतून आलेली, दहावीची गाइडं, धार्मिक पोथ्या, कंपनीचे अहवाल कोपऱ्यात ठेवू नका. लोक ‘पुस्तक’ म्हणून तेही देतात. आभार मानून बाजूला ठेवा.

आणि मुलांची स्वतःची पुस्तकं ठेवा. कॅलेंडरच्या मोठ्या कागदाचं आठ पानी पुस्तक होतं, फक्त मागची बाजू कोरी हवी. कालनिर्णय इथे चालत नाही, त्याची मागची बाजूही भरलेली असते. पतपेढीची कॅलेंडरं उत्तम. कागदाची लांबीच्या दिशेनं घडी घालून उघडा. आता आडवी दोनदा घडी घालून उघडा, आठ चौकोन दिसतील. एकदाच आडवी घडी घाला आणि घडीच्या बाजूनं, मधल्या लांब रेषेवरून, पुढच्या घडीपर्यंतच कापा. कागद उघडून लांबीनं दुमडा, दोन्ही टोकं धरून एकमेकांकडे ढकला. मधली चीर उघडते, पानं गोळा होतात, आणि ती एका बाजूला वळवली की पुस्तक तयार. डिंक नाही, टाचणी नाही. पहिल्यांदा तुमच्याकडून चुकेल, मुलांकडून नाही.

पातळी दाखवायला आकडे, अक्षरं लिहू नका. ‘तू अजून एकच नंबर वाचतोस’ हे चिडवणं दोन दिवसांत सुरू होतं. आम्ही मुखपृष्ठावर टिकल्या लावल्या: लाल म्हणजे चित्रं जास्त, हिरवी म्हणजे थोडा मजकूर, निळी म्हणजे मोठी गोष्ट. टिकली गळून पडते, तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी मारा. कुणी कोणती घ्यायची याला बंदी नाही. पहिलीतलं पोर निळी टिकली घेऊन अर्धा तास नुसतं चित्र बघत बसलं तरी बघू द्या.

पुस्तक फाटलं की ते दुरुस्तीच्या डब्यात जातं. मैद्याची खळ करा: एक वाटी मैदा, आठ वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर दाट होईपर्यंत. जुने लोक तिच्यात मोरचूद घालत, किडे लागू नयेत म्हणून. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या हातात ती खळ नको. त्यापेक्षा थोडीच करा आणि दोन दिवसांत संपवा. कण्यावर सुती साडीची दोन बोटं रुंद पट्टी खळीनं लावली की पुस्तक पुन्हा उभं राहतं. पूर्ण वाळू द्या, ओल्या खळीवर झुरळं आणि कसर लगेच येतात.

पहिला महिना

पहिल्या आठवड्यात मुलं वाचणार नाहीत. उशा फेकतील, स्टुलावर चढतील, भाऊंचा फ्लेक्स बघतील. होऊ द्या. मी तेव्हा रोज मधल्या सुट्टीनंतर तिथे जाऊन बसायचे आणि माझं माझं पुस्तक वाचायचे, कुणाला काही न सांगता. चौथ्या दिवशी एक मुलगी येऊन माझ्या पानात डोकावली, “बाई, यात चित्र न्हाई?” तिथून पुढे जमलं.

‘काय शिकलास, तात्पर्य सांग’ असं कुणालाही विचारू नका. नोंदीसाठी एक वही सुतळीनं टांगा. त्यात मुलांनी नाव लिहायचं, पुस्तकाचं नाव लिहायचं, आणि लिहिता येत नसेल तर एक चित्र काढायचं. आमच्या वहीत हत्तीची चित्रं सगळ्यात जास्त आहेत, कारण एकाच हत्तीच्या पुस्तकासाठी रांग असते. त्या वहीवरून तुम्हाला कळतं की कोणती पुस्तकं पडून आहेत. महिन्यानं ती काढा आणि शेजारच्या शाळेशी अदलाबदल करा.

पावसाळा आणि सुट्टी

जूनच्या पहिल्या आठवड्यात खिशांचा पडदा खिडकीवरून काढून आतल्या, कोरड्या भिंतीकडे न्या. वाकळी महिन्यातून दोनदा तरी वाळल्या पाहिजेत, आणि आमच्याकडे जुलैत ऊन विसरा. तेव्हा त्या पोषण आहाराच्या चुलीशेजारच्या दोरीवर जातात, धुराच्या वासासकट परत येतात. डब्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा. डांबराच्या गोळ्या ठेवू नका, पहिलीच्या मुलाला ती पेपरमिंटची गोळी वाटते.

पुस्तक भिजलंच तर उन्हात टाकू नका, ते वेडंवाकडं होतं. दर चार-पाच पानांत वर्तमानपत्राचा कागद घालून सावलीत ठेवा, कागद ओला झाला की बदला, आणि पानं जवळजवळ वाळल्यावर पाटीवर वीट ठेवून दाबा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पहिल्या वर्षी मी पुस्तकं कपाटात बंद करून गेले. परत आले तेव्हा उंदरानं दोन पुस्तकांचं घरटं केलं होतं. दुसऱ्या वर्षापासून शेवटच्या दिवशी सगळी पुस्तकं मुलांनाच वाटून टाकते, प्रत्येकाला तीन-चार, पिशवीत घालून. शाळा उघडली की परत आणायची. या जूनमध्ये दोन पुस्तकं आली नाहीत. एक मुंबईला मावशीकडे राहिलं, एक वासरानं चघळलं. आणि एक पुस्तक जास्तीचं आलं, मुखपृष्ठ नसलेलं, कुणाच्या पिशवीतून ते अजून कळलेलं नाही. त्याला हिरवी टिकली लावली आहे.